ब्लीडिंग केलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच: क्लच पेडल वेगळं लागतंय तर दोष कुठे शोधायचा

क्लच पेडल मऊ पडलं, हवा काढली, गाडी ठणठणीत झाली आणि पंधरा दिवसांत पेडल परत तळाला जायला लागलं. ही तक्रार इतकी ठरलेली आहे की उत्तरही ठरलेलंच मिळतं: पुन्हा एकदा ब्लीड करा. पण बंद लाइनमध्ये हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी आत शिरते. ती वाट सापडत नाही तोवर ब्लीडिंग म्हणजे गळक्या छपराखालची बादली रिकामी करत बसणं.

याच्या अगदी उलट चूकही तितकीच होते. पेडल "काहीतरी वेगळं लागतंय" एवढ्यावर गिअरबॉक्स उतरवतात, अख्खा क्लच सेट नवीन टाकतात आणि पेडल होतं तसंच राहतं. कारण दोष पेडलच्या बुशमध्ये (पेडल ज्यावर फिरतं ती कडी) किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) वायसरमध्ये, म्हणजे रबरी सीलमध्ये, होता. गिअरबॉक्स उतरवण्याआधी तपासता येण्यासारखं भरपूर असतं, आणि ते तपासायला एक मदतनीस, एक मोजपट्टी, एक टॉर्च आणि तासभर वेळ पुरतो.

सगळ्यात आधी

पायाखालची मॅट काढा. हसू येईल, पण सरकलेली किंवा एकावर एक टाकलेली मॅट पेडलचे शेवटचे २०-२५ मिलिमीटर खाऊन टाकते आणि मग रिव्हर्स पडताना करकर होते. मॅट काढल्यावर गिअर नीट पडत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

मग गाडीत केबल आहे की हायड्रॉलिक ते बघा. बोनेट उघडून पेडलच्या समोरच्या पत्र्यातून काय बाहेर येतंय ते पाहिलं की कळतं: जाड आवरणाची केबल, की पाइप जोडलेला मास्टर सिलिंडर. हायड्रॉलिक असेल तर स्लेव्ह सिलिंडर (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर बोल्टने बसवलेला आहे, की बेल हाऊसिंगच्या (क्लचभोवतीचं आवरण) आत इनपुट शाफ्टभोवती (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा), हेही बघून ठेवा. आतला असेल तर बाहेरून फक्त पाइप आणि ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) दिसतं.

यानंतर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर दोष क्लचचा नाही, गिअर लिंकेज किंवा गिअरबॉक्सचा आहे. इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. याची खात्री अशी करा: इंजिन गरम, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून ३-४ सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकर झाली म्हणजे क्लच दाबलेला असूनही इनपुट शाफ्ट फिरतोय. काही गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सलाही सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी कडी) असतो, तिथे ही चाचणी फसवते. तिथे पहिला गिअर इंजिन बंद आणि चालू असताना किती जोर घेतो याची तुलना करा.

मऊ पेडल, खाली गेलेली पकड

हायड्रॉलिक गाडीतली नेहमीची तक्रार हीच. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायच्या: पेडल स्पंजासारखं मऊ आहे, की पेडल घट्ट आहे पण क्लच अगदी तळाशी पकडतोय?

पेडल भराभर ४-५ वेळा मारा. पकड (पेडलच्या ज्या उंचीला क्लच धरतो ती जागा) वर आली आणि मिनिटभर थांबल्यावर पुन्हा खाली गेली, तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल मारून काहीच फरक पडत नाही, पेडल घट्टही आहे, तर हालचाल कुठल्यातरी यांत्रिक जोडात हरवतेय.

थोडीशी हवा एवढा फरक का पाडते, त्याचं गणित उदाहरणादाखल बघू. मास्टरचा बोअर १६ मिलिमीटर, स्लेव्हचा २० मिलिमीटर, पेडलचं गुणोत्तर ५:१ आणि पेडलची एकूण चाल १२५ मिलिमीटर धरा. मास्टरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकतो आणि स्लेव्हचा १६ मिलिमीटर. आता लाइनमध्ये १ मिलिलिटर हवा अडकली. दाब चढला की ती जवळजवळ पूर्ण चेपली जाते, म्हणजे मास्टरची ५ मिलिमीटर चाल वाया. पायाशी ती २५ मिलिमीटर होते, पेडलचा पाचवा हिस्सा. स्लेव्हला १६ च्या जागी १३ मिलिमीटरच मिळतात, आणि क्लच सुटायला नेमके तेच शेवटचे ३ हवे असतात. एवढंसं हवेचं बुडबुडं आणि गाडी रिव्हर्सला दात काढते.

पेडल घट्ट आहे पण पकड खाली, अशा वेळी हाच हिशोब उलटा लावा. मास्टरच्या पुशरॉडची पिन आणि पेडलचं भोक झिजून १ मिलिमीटर सैल झालं असेल तर पायाशी ५ मिलिमीटर गेले. बुश झिजलं असेल तर आणखी काही. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, मग अगदी हलक्या हाताने दाबा. पेडल हलतंय पण पुशरॉड हलत नाही, हा टप्पा डोळ्यांना दिसतो. बाहेरचा स्लेव्ह असेल तर मदतनिसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते मोजा. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चालीशी जुळला तर हायड्रॉलिक निर्दोष आहे आणि दोष फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), रिलीज बेअरिंग (क्लचची स्प्रिंग दाबणारं) किंवा क्लचमध्ये आहे. आकडा कमी आला तर बेल हाऊसिंगला हात लावू नका, दोष अजून बाहेरच आहे. गिअरबॉक्स उतरवायचा की नाही हे ठरवणारं यापेक्षा स्वस्त माप नाही.

आता मूळ प्रश्न: बाहेर थेंबही गळत नाही, तरी हवा शिरते कुठून?

वायसरची ओठासारखी कड दाबाने भिंतीला चिकटते, म्हणून पेडल दाबताना ती गळत नाही. पेडल सोडताना चित्र पालटतं. स्प्रिंग पिस्टनला मागे ओढते, लाइनमधला दाब क्षणभर पडतो आणि थकलेली कड बाहेरची हवा आत घेते. द्रव बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून "गळत नाही म्हणजे सील चांगलं" हा समज चुकीचा.

तपासायच्या जागा अशा. मास्टरचं मागचं टोक केबिनमध्ये असतं, तिथलं रबर बूट उलटून बोट फिरवा, पेडलच्या दांड्यावर आणि खालच्या कार्पेटवर ओल आहे का बघा. बाहेरच्या स्लेव्हचं बूट मागे सारून आत बघा. किंचित ओलसरपणा चालतो, पण थेंब जमा झालेला असेल तर सील गेलं. आतला स्लेव्ह गळला तर बेल हाऊसिंगच्या सर्वात खालच्या बिंदूवर थेंब लोंबतो. तो कशाचा ते ओळखायचं: ब्रेक ऑइल (बहुतेक गाड्यांत क्लचच्या लाइनमध्येही हेच असतं) पातळ, निसरडं आणि पाण्याने धुतलं जाणारं, गिअर ऑइल घट्ट आणि उग्र वासाचं, इंजिन ऑइल काळपट आणि पाण्याने न निघणारं.

दोन जागा हमखास राहून जातात. पहिली, टाकीतून मास्टरकडे जाणारा रबरी नळ. त्यात दाब नसतो, म्हणून भेग पडली तरी तो फारसा गळत नाही, पण हवा मात्र ओढतो. क्लिपच्या कडेला वाकवून बघा, बारीक चिरा तिथेच असतात. दुसरी, टाकीची पातळी. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचचा फाटा मुद्दाम वरच्या बाजूला काढलेला असतो, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहावं. सोय चांगली आहे, पण तिचा एक दुष्परिणाम होतो. ब्रेक पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी उतरते. ब्रेक व्यवस्थित लागतात, आणि चढावर किंवा जोरात वळताना क्लचचा फाटा उघडा पडून हवा ओढतो. अशा गाडीत क्लचचा एकही भाग खराब नसतो. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा, एकदा ब्लीड करा, संपलं. पॅड मात्र लगेच बघा.

लाइन तुकड्यातुकड्याने वेगळी करायची असेल तर, रबरी होज असल्यास, होज दाबायच्या गोल कडांच्या क्लॅम्पने ती हलकेच बंद करा आणि पेडल दाबा. पेडल वरच्या वर दगडासारखं घट्ट झालं आणि तसंच राहिलं तर मास्टर ठीक, दोष पुढे. तरीही मऊ किंवा हळूहळू खाली गेलं तर मास्टर किंवा त्याच्या आधीचा भाग. ही युक्ती प्लॅस्टिकच्या पाइपवर आणि स्टीलच्या जाळीच्या होजवर अजिबात करू नका, दोन्ही कायमचे चेपतात.

हवा काढायची तर नीट काढा

भराभर पेडल मारत ब्लीड करण्याची सवय वाईट. त्याने मोठा बुडबुडा फुटून ऑइलभर बारीक फेस होतो आणि तो निपलपर्यंत यायला तयार नसतो. मदतनिसाने पेडल सावकाश पूर्ण दाबून धरावं, तुम्ही निपल पाव-अर्धा फेरा उघडावं, धार थांबण्याआधी बंद करावं, आणि मगच पेडल सोडायला सांगावं. पारदर्शक नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं असू द्या. ब्लीड करताना पेडल आपोआप वर येत नसेल तर ते पायाने किंवा हाताने वर उचला. तो दोष नाही, लाइनमध्ये दाब नसल्याचा परिणाम आहे. दर ५-६ वेळांनी टाकी भरा. २५०-३०० मिलिलिटर नवीन ऑइल हाताशी असलं की साध्या गाडीत हवाही निघते आणि जुनं ऑइलही बदलतं.

तरीही पेडल मऊच राहिलं तर हवा पाइपच्या एखाद्या उंच वळणात किंवा मास्टरच्या वरच्या टोकाशी अडकलेली असते. बुडबुड्याला वर जायचं असतं आणि आपण त्याला खाली ढकलत असतो. अशा वेळी उलट ब्लीडिंग करा: टाकीतलं ऑइल थोडं कमी करा, मोठ्या सिरिंजमध्ये नवीन ऑइल भरून, आधी तिच्यातली हवा काढून, निपलमधून हळूहळू वर ढकला. बाहेरचा स्लेव्ह असेल तर त्याहून सोपं: स्लेव्ह सोडवा, निपल वरच्या बाजूला राहील असा धरा आणि पिस्टन हाताने हळूहळू आत दाबा. टाकीत बुडबुडे येताना दिसतात. स्लेव्ह सोडवलेला असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर उडून पडतो. आतला स्लेव्हही गिअरबॉक्स बसवण्याआधी पेडल मारून "चालतो का" हे बघायचं नाही. मर्यादेबाहेर गेला की नवा कोरा भाग वाया.

ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच ग्लायकॉल कुळातले. डॉट ५ मात्र सिलिकोनचं, आकडा जवळचा दिसला तरी ते यांच्यात मिसळायचं नाही. काही मोजक्या गाड्यांच्या क्लचला खनिज तेल लागतं, तिथे ब्रेक ऑइल चालत नाही. आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून पॉवर स्टिअरिंगचं तेल पडलं तर सगळी रबरं फुगतात, पेडल अडकायला लागतं. तेव्हा नुसतं धुऊन भागत नाही, सगळी सील आणि होज बदलावी लागतात. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

दाबून धरलं की बसत जाणारं, सोडलं की रेंगाळणारं

लाल सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहिलात आणि थोड्या वेळाने गाडी पुढे सरकू बघते, हे मास्टरच्या आतल्या वायसरचं लक्षण. ऑइल बाहेर न जाता वायसरच्या बाजूने मागे टाकीत परत जातं. त्यामुळे पातळी उतरत नाही, गळती दिसत नाही आणि ब्लीडिंगने फरक पडत नाही. पक्कं करायचं असेल तर मोकळ्या जागेत, समोर कुणी नसताना, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावून मिनिटभर क्लच दाबून धरा. आणखी एक खूण: पेडल झटकन दाबलं तर क्लच सुटतो, सावकाश दाबलं तर सुटत नाही. मास्टर बदला. नुसतं वायसर किट टाकून बोअरवरचे चरे जात नाहीत, ते नवं वायसरही थोड्या महिन्यांत कापतात.

पेडल रेंगाळत वर येत असेल तर आधी पेडलचं बुश आणि रिटर्न स्प्रिंग. मग रबरी होज: आतलं अस्तर फुगलं की ती एकेरी वाटेसारखी वागते, दाबाने ऑइल पुढे जातं, परत यायला वेळ लावतं. काही गाड्यांत पाइपमध्ये कंपन मारणारा डॅम्पर किंवा क्लच एकदम बसू नये म्हणून बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह असतो, तो गाळाने तुंबला तरी हेच होतं. ऑइल काळं आणि गाळकट असेल तर संशय पक्का धरा.

गाडी थंड असताना पेडल उत्तम आणि तासभर गर्दीत चालवल्यावर बिघडतं, याची दोन वेगळी कारणं आहेत. मऊ पडत असेल तर ऑइलमध्ये पाणी मुरलंय. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाइपला तेवढा ताप जड जातो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते याचसाठी. गरम झाल्यावर पेडल मऊ न पडता क्लच घसरायला लागत असेल तर मास्टरच्या पुशरॉडची मोकळीक तपासा. रॉड किंचितही ताणलेला राहिला तर टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडतच नाही, तापून फुगलेल्या ऑइलला परत जायला जागा नसते आणि ते क्लच अर्धवट दाबून ठेवतं. मास्टर बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका.

जड पेडल

केबलच्या गाडीत पहिला संशय केबलवरच. गिअरबॉक्सकडचं टोक सोडवा आणि पेडल हाताने दाबा. केबल मोकळी असूनही जड असेल तर केबल किंवा पेडलचा धुरा, हलकं झालं तर फोर्क किंवा क्लच. टोकाशी एकही तार तुटून उभी राहिली असेल तर केबल बदला, उरलेल्या तारा फार काळ टिकत नाहीत. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतल्याने आठवडाभर बरं वाटतं, मग धूळ धरून ती आणखी जड होते.

नवी केबल पुन्हा पुन्हा जड होत असेल, आवरण भाजल्यासारखं दिसत असेल, तर इंजिनची अर्थ पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूशी जोडणारी) बघा. ती गंजली किंवा तुटली असेल तर स्टार्टरचा प्रचंड करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि क्लच केबलची तार त्याला सापडते. आतलं अस्तर वितळतं. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मल्टिमीटर लावा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ पट्टी दोषी. केबलच्या दुकानात हे कुणी सांगत नाही.

केबल, बुश, सगळं ठीक असून पेडल वर्षभरात हळूहळू जड झालं असेल तर क्लच प्लेट झिजत आली आहे. प्लेट पातळ होते तसा डायफ्रॅम स्प्रिंगचा (प्लेट दाबून धरणारी, बोटांसारख्या फाट्यांची गोल स्प्रिंग) कोन बदलतो आणि ती दाबायला जास्त जोर लागतो. झीज आपोआप भरून काढणाऱ्या सेल्फ-अ‍ॅडजस्टिंग प्रेशर प्लेटमध्ये हे जाणवत नाही. पकड वर गेली म्हणजे प्लेट संपली, हा नियम हाताने अ‍ॅडजस्ट करायच्या केबलच्या गाडीत बऱ्यापैकी लागू पडतो. तिथे आधी फ्री प्ले (क्लचवर जोर पडण्याआधीची पेडलची मोकळी चाल) मोजा, साधारण १० ते २० मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. हायड्रॉलिक गाडीत झीज ऑइलच भरून काढतं, म्हणून तिथे पकडीच्या उंचीवरून निकाल देऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटरला चौथा गिअर टाकून पूर्ण रेस द्या. वेग न वाढता आरपीएमचा काटा चढला तर क्लच घसरतोय. एकदाच करा, चाचणी घेता घेता प्लेट जाळू नका.

पायाला धडधड, कानाला आवाज

पेडलवर अगदी हलका पाय ठेवल्यावर ठोके लागतात आणि रेस वाढवली की ते जलद होतात: डायफ्रॅमची बोटं एका पातळीत नाहीत, किंवा फ्लायव्हील अथवा प्रेशर प्लेट तिरकी बसली आहे. ८०० आरपीएमला सेकंदाला १३ फेरे होतात, म्हणून हे ठोके वेगळे न मोजता येणारी थरथर वाटते. पेडल पूर्ण दाबल्यावर मुंग्या आल्यासारखं हलकं कंपन हायड्रॉलिक गाडीत असतंच, त्यामागे लागू नका.

आवाजाचं साधं आहे. न्यूट्रलला इंजिन चालू, पेडल दाबलं की घरघर सुरू होते तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना घरघर आणि दाबलं की बंद, तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग. इंजिन बंद असतानाही पेडल दाबताना करकरत असेल तर पेडलचं बुश किंवा फोर्कचा गोळा. गाडी उचलताना हादरे बसतात पण पेडल ठीक आहे, तर क्लच उघडण्याआधी इंजिन माउंटिंग बघा.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, स्लेव्ह आत असेल तर तोही. मजुरीचा मोठा हिस्सा उतरवण्या-चढवण्याचा असतो, जुना स्लेव्ह तीन महिन्यांनी गळला तर तो पुन्हा भरावा लागतो. क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील गळतंय का ते बघा, नाहीतर नव्या प्लेटवर तेल जाईल. फोर्कला केसाएवढी तडा आणि गोळ्याची झीज तपासा. बेअरिंग सरकते त्या नळीवर खाच पडली असेल तर पेडल अडखळतच राहणार. स्प्लाइनवर ग्रीसचा फक्त पुसट थर, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर बसतं. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गाडीखाली जाण्याआधी जॅकवर न विसंबता स्टँड लावा.

काम झाल्यावर पेडल कुठे पकडतं ते जमिनीपासून मोजून लिहून ठेवा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. हायड्रॉलिक गाडीत ते माप १० मिलिमीटरने खाली आलं असेल तर हवा अजून शिरतेच आहे. पुन्हा टाकीच्या नळापासून सुरुवात करा.